बिबट्यासाठी रिव्हॉल्व्हर घ्यावं का?

जुन्नर-आंबेगावात उसातला बिबट्या हा रोजचाच विषय. गावचा मित्र विचारतो, "कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर घेऊ का रे?"

यंत्र साधं, भरवशाचं. सहा गोळ्या, एक फुसकी निघाली तर पुन्हा ट्रिगर ओढायचा, पुढची समोर येते. पण बिबट्या अंधारात मागून येतो, थेट मानेवर. खिशात हात घालेपर्यंत खेळ संपलेला! आणि जखमी होऊन उसात शिरला तर अख्ख्या वस्तीला घोर.

१९५९ च्या शस्त्र कायद्याने परवाना लागतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बिबट्या अनुसूची १ मध्ये. जीव वाचवताना मारला तर गुन्हा नाही, पण चौकशी होणारच.

मी तर ते पैसे गोठ्याच्या जाळीत आणि अंगणातल्या दिव्यात घालीन. रात्री पाणी धरायला दोघं जा, गाणी मोठ्यानं लावा. हेडफोन मात्र काढा, आमचा एपिसोड घरी ऐका.