जुन्या मालिका पुन्हा का दिसत नाहीत?

टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, दूरदर्शनने जुन्या मालिकांसाठी 'डीडी रेट्रो' वाहिनी सुरू केली. मासिक शुल्क नसलेल्या 'फ्री डिश'मुळे चारठाण्यासारख्या (जि. परभणी) गावांनाही तिचा लाभ झाला. मात्र सर्वच जुन्या कार्यक्रमांचे पुनःप्रक्षेपण शक्य नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले, तेव्हा चित्रफिती महाग होत्या. प्रक्षेपणानंतर त्याच फितीवर दुसरा कार्यक्रम मुद्रित केला जाई. 'चिमणराव' या गाजलेल्या मालिकेचे बहुतेक भाग आज उपलब्ध नाहीत. ब्रिटनच्या बीबीसीनेही साठ-सत्तरच्या दशकांत अनेक कार्यक्रम असेच गमावले. त्यामुळे घरोघरच्या कपाटांत पडून असलेल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटही मोलाच्या ठरू शकतात. बुरशीने त्या खराब होण्यापूर्वी त्यांचे डिजिटल रूपांतर करून घेणे हिताचे.