मोठ्या लाकडी घड्याळाचा काटा नऊवर का अडतो?

आपल्या पेण-रोह्याकडे जुनी घरे पाडून स्लॅबची घरे होतात आणि सागाची दारे, आंब्याच्या फळ्या चुलीत जातात. त्याच फळ्यांचे दोन फुटांचे भिंतीवरचे घड्याळ घरी करता येते. पण ते चार दिवसांत बंद पडून परत आले, तर पैसे जातात आणि गटाचे नावही. म्हणून आज मशीन आणि काट्यांवर जास्त बोलू.

लाकूड जुने, वाळलेलेच घ्या. धाटावच्या कारखान्यांतून येणाऱ्या पॅलेटच्या फळ्या घेतल्या, तर शिक्का बघा. इंग्रजीत ‘एचटी’ असेल तर ती उष्णता देऊन तयार केलेली. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ती नको. रसायनाचे डाग असलेली फळी तर चुलीतही घालू नका.

पाच फळ्या शेजारी शेजारी ठेवून मागून दोन आडव्या पट्ट्या स्क्रूने बसवा. विषम संख्या अशासाठी, की मधले छिद्र फटीत येत नाही. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगते, तेव्हा दोन फळ्यांत नाण्याच्या जाडीची फट सोडा.

मध्यावर खिळा ठोकून एक फुटाच्या दोरीने गोल आखा. तीच दोरी गोलाच्या कडेवर एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत ताणत गेलात, तर बरोबर सहा वेळा बसते. या झाल्या १२, २, ४, ६, ८ आणि १० च्या जागा. मधोमध उरलेले आकडे. आकडे रंगवायला पेणच्या गणपती कारखान्यात डोळ्यांची आखणी केलेला हात मिळाला, तर काय हवे!

आता मशीन. आतला क्वार्ट्झचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, त्यामुळे साधे मशीनही वेळ बरोबर दाखवते. कमी पडतो तो जोर. मिनिटकाटा सहाकडून बाराकडे चढताना नऊवर आडवा होतो. भरलेली कळशी हात लांब करून धरली की खांदा भरून येतो ना, तसे मशीनचे तिथे होते. सेल उतरलेले घड्याळही बहुधा तिथेच अडते.

म्हणून दुकानात मोठ्या काट्यांचे, ‘हाय टॉर्क’ मशीन मागा. काटे लाकडाचे नकोत, पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे कापा. मिनिटकाट्याला छिद्रामागे आखूड शेपटी ठेवून तिच्यावर थोडे वजन चिकटवा. काटा खिळ्यावर अडकवून कसाही फिरवला तरी आहे तिथेच थांबला, की तोल साधला. फळी पाऊण इंच जाड असते, मशीनचा दांडा बहुधा तेवढा लांब नसतो. तेव्हा मागून मशीनपुरती जागा कोरा आणि छिद्रापाशी पाच-सहा मिलिमीटर लाकूड ठेवा.

तयार घड्याळ साडेतीन-चार किलोचे होते. मातीच्या भिंतीत नुसता खिळा ढिला होतो, त्याला वाशाचा किंवा खांबाचा आधार शोधा.

किंमत धरताना फळी घरची म्हणून शून्य लावू नका, आणि घासायला गेलेल्या दुपारीही मजुरीच्या दराने मोजा. बायकांची दुपार हिशेबात कधी येतच नाही!

विकण्याआधी घड्याळ आठ दिवस भिंतीवरच चालवा, जमिनीवर आडवे ठेवून नव्हे. आडव्या घड्याळाला चढच नसतो. रोज सकाळी मोबाइलशी वेळ ताडून वहीत लिहा.