बोलका डबा काय शिकवतो?

सावनेरच्या बाजारात आपण मोबाईलवरून पैसे दिले की दुकानातला छोटा डबा रक्कम मोठ्याने सांगतो. आता त्याचे कुणाला नवल वाटत नाही. पण तो कशासाठी तयार झाला, हे संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी समजून घ्यावे.

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले. पैसे देणाऱ्याची सोय झाली, घेणाऱ्याची अडचण राहिली. हात तराजूवर, समोर गर्दी. मोबाईल पाहायचा केव्हा? कोणी खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जाई. खाते मालकाचे, म्हणून नोकराला पैसे आल्याचे कळत नसे. २०१९ मध्ये पेटीएमने साउंडबॉक्स आणला. आत स्वतःचे सिम, बोलणे दुकानदाराच्या भाषेत. गिऱ्हाइकाची नेमकी अडचण ओळखून वस्तू घडवणे, यालाच प्रॉडक्ट मॅनेजमेंट म्हणतात.

यात सचोटीही हवी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तो आत ओल लागली. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ॲपमध्ये शेवटी उघड होणारे शुल्क ही तशीच झाकलेली ओल आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये अशा १३ फसव्या प्रकारांना मनाई केली.

म्हणून ॲप बनवू पाहणाऱ्या मुलांनो, आधी चार दिवस एखाद्या चाचांच्या दुकानात बसा. त्यांचा हात कुठे अडतो ते पाहा. हलाल रोजीची वाट तिथूनच निघते.