भाड्याचे घर कुठे गेले?

अमेरिकेत प्राप्तिकराचे विवरणपत्र साधारणपणे 15 एप्रिलपर्यंत भरावे लागते. अनेकजण ते घरच्या संगणकावर, त्यासाठी मिळणारा एखादा प्रोग्रॅम वापरून भरतात. प्रोग्रॅम प्रश्न विचारतो, आपण उत्तरे द्यायची, आकडेमोड तो करतो. समजा, एका कुटुंबाने आपले दुसरे घर भाड्याने दिलेले आहे. मार्च महिन्यात त्यांनी नव्या वर्षाचा प्रोग्रॅम उघडला. मुलांची नावे, मालकाचे नाव, बँकेचा तपशील सारे गेल्या वर्षीप्रमाणे हजर. भाड्याचे घर मात्र नाही! घर जागेवर उभे आहे, भाडेकरूही आहे. मग नोंद गेली कुठे?

पत्ता पुन्हा लिहिला, वर्षाचे भाडे भरले की झाले, असे आपल्याला वाटेल. भारतात ते बरेचसे खरेही आहे. आपल्याकडे मिळालेल्या भाड्यातून पालिकेचा कर वजा करतात आणि उरलेल्या रकमेच्या 30 टक्के सरसकट वजावट मिळते. कर्जाचे व्याज वेगळे. घर केव्हा आणि केवढ्याला घेतले हे या हिशेबाला ठाऊक असावे लागत नाही.

अमेरिकेतला हिशेब असा विसराळू नाही. तिथे भाड्याच्या घराचा घसारा मोजतात. 1986 नंतर भाड्याने देण्यास उपलब्ध झालेली राहती इमारत साडेसत्तावीस वर्षांत झिजते, असे कायदा मानतो. जमीन झिजत नाही, म्हणून तिची किंमत आधी बाजूला काढतात. इमारतीची किंमत 2,75,000 डॉलर असेल, तर दरवर्षी 10,000 डॉलर भाड्यातून वजा होतात. म्हणजे हरवली आहे ती एका वर्षाची नोंद नव्हे, तर कित्येक वर्षांची साखळी.

घाबरण्याआधी शोधावे. बहुधा नोंद हरवलेली नसते, तिच्याकडे जाणारी वाट तुटलेली असते. नेहमीचे कारण असे, की नव्या प्रोग्रॅमला गेल्या वर्षीची मूळ फाइल न देता विवरणपत्राच्या छापील प्रतीची फाइल दिली जाते. त्या प्रतीवरून नाव-पत्ता उचलता येतो, पण घसाऱ्यामागची टिपणे तिच्यात असतीलच असे नाही. कधी चुकून ‘घर विकले’ या चौकटीत खूण झालेली असते. आणखी एक गंमत म्हणजे भाड्याचा तक्ता, ज्याला ‘शेड्यूल ई’ म्हणतात, त्याच्या एका पानावर तीनच घरांचे रकाने असतात. चौथे घर पुढच्या प्रतीवर जाते आणि पहिलेच पान पाहणाऱ्याला ते ‘हरवलेले’ वाटते!

फाइलच पुसली गेली असेल तर? ग्रंथालयातले तालिकापत्र फाडले म्हणून पुस्तक जळत नाही. चुंबकीय डिस्कवर पुसलेल्या फाइलचे असेच होते. पण मोकळ्या समजलेल्या त्या जागेवर संगणक केव्हाही नवे काही लिहील, म्हणून त्यावर काम थांबवणे हाच पहिला उपाय. अलीकडच्या इलेक्ट्रॉनिक डिस्क तर अशी जागा लवकरच स्वतःहून साफ करतात.

आता मौजेचा भाग. फाइल गेली, पण जुन्या विवरणपत्रांचे कागद आहेत असे धरू. शेड्यूल ई च्या 18 व्या ओळीत घसाऱ्याचा आकडा असतो. पहिल्या वर्षी तिथे 4,583 आहे आणि पुढे दरवर्षी 10,000. आपण उलटे चालू. 10,000 गुणिले 27.5 म्हणजे 2,75,000. ही इमारतीची किंमत. नियम असा आहे, की घर महिन्याच्या कोणत्याही तारखेला उपलब्ध झाले तरी तो महिना अर्धाच धरायचा. 4,583 भागिले 10,000, गुणिले 12, म्हणजे साडेपाच. वर्षअखेरपर्यंत साडेपाच महिने उरले, तर सुरुवात जुलैत! दोन आकड्यांवरून किंमतही मिळाली आणि महिनाही. (एखाद-दोन डॉलरचा फरक पडला तर तो पूर्णांक करण्याचा.) वर्गात हे उदाहरण द्यावे: पहिल्या वर्षी 1,000, नंतर दरवर्षी 8,000. महिना नोव्हेंबर येतो का पाहा.

प्रत्यक्षात काम इतके सरळ नसते. त्याच ओळीत फ्रिज-शेगडीचा घसारा मिसळलेला असतो, पण तो पाच वर्षांच्या हिशेबाचा असल्याने बदलत जातो आणि लवकर संपतो. वर्षानुवर्षे स्थिर राहतो तो इमारतीचा. मध्येच आकड्याने उडी मारून तिथेच मुक्काम केला, तर नवे छप्पर घातले असावे. जमिनीची किंमत मात्र या ओळीतून कधीच निघत नाही, त्यासाठी खरेदीचे कागदच हवेत. भाड्यातला जो तोटा त्या-त्या वर्षी वजा होऊ न शकल्याने पुढे ओढला जातो, तोही गुणाकाराने सापडत नाही. करखात्याकडून जुन्या विवरणपत्राची प्रत मागवता येते, पण साधारण सात वर्षांपर्यंतचीच. हिशेब साडेसत्तावीस वर्षांचा आणि कचेरीची स्मृती सात वर्षांची, हे आम्हाला तरी विचित्र वाटते.

हा खटाटोप न करता घसारा सोडूनच दिला तर? घर विकताना खाते घसारा ‘घेतला’ एवढेच पाहत नाही, ‘घेता आला असता’ तोही धरते. सहा वर्षांचे 60,000 डॉलर न घेताच नफ्यात मिळवले जातात आणि त्यावर 25 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 15,000 डॉलरपर्यंत कर पडू शकतो. सुटलेला घसारा नंतर मागण्यासाठी ‘फॉर्म 3115’ आहे, पण त्यातही हेच जुने आकडे लागतात.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना यात आणखी एक पदर आहे. तिथल्या करदात्याला जगभरातले उत्पन्न दाखवावे लागते, त्यात पुण्यातल्या फ्लॅटचे भाडेही आले. देशाबाहेरच्या घराचा घसारा 30 वर्षांत मोजतात. 2018 पूर्वी भाड्याने देण्यास उपलब्ध झालेल्या घराचा 40 वर्षांत. तेव्हा 18 व्या ओळीतल्या आकड्याला 27.5 ने नव्हे, 30 किंवा 40 ने गुणावे. उत्तर डॉलरमध्ये येईल, तेही खरेदीच्या वेळच्या विनिमय दराने. पडताळा हवा असेल तर तो अमेरिकेत सापडणार नाही. पुण्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयातून ‘इंडेक्स टू’चा उतारा काढावा, त्यात खरेदीची रक्कम आणि नोंदणीची तारीख दोन्ही असतात.