विरळ हवेंतील पहिले दोन दिवस

ज्या प्रवाशानें आदली रात्र मुंबईस समुद्रकांठीं काढली, तो दुसऱ्या दिवशीं विमानानें लेहला उतरतो तेव्हां सुमारें ३,५०० मीटर उंचीवर जाऊन पोंचलेला असतो. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई अवघें १,६४६ मीटरांचें. तेव्हां सह्याद्रीचे सर्व गड पायांखालीं घातलेल्या माणसालाही ही उंची नवीच. उतरतांना मात्र कांहींच जाणवत नाहीं. आकाश निळें, ऊन स्वच्छ, अंगांत उत्साह. आणि येथेंच तो फसतो.

तेथील हवेंत प्राणवायूचें प्रमाण कमी असतें असें सर्रास म्हणतात, तें अक्षरशः खरें नाहीं. हवेच्या शंभर भागांत प्राणवायूचे सुमारें एकवीस भाग मुंबईस असतात, तसेच लेहलाही असतात. कमी होतो तो हवेचा दाब. तो समुद्रसपाटीच्या मानानें जेमतेम दोन-तृतीयांश उरतो, व प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही त्यामुळें घटतो. याच कारणानें तेथें पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळूं लागतें आणि उघड्या भांड्यांत डाळ शिजतां शिजत नाहीं.

ही तूट भरून काढण्याची युक्ति शरीरापाशीं आहे, पण तिला वेळ लागतो. प्रथम श्वास जलद होतो. त्यामुळें कार्बन डायॉक्साइड वायु अधिक बाहेर पडून रक्तांतील आम्लता कमी होते, आणि मेंदू श्वासाला पुन्हा लगाम घालतो. रात्रीं झोंपेंत श्वास मधूनमधून थांबल्यासारखा होऊन माणूस दचकून उठतो, तो यामुळेंच. मूत्रपिंडें जादा क्षार बाहेर टाकूं लागलीं म्हणजे हा लगाम सैल होतो. या कामीं कांहीं दिवस जातात. तांबड्या पेशी वाढावयास तर कित्येक आठवडे लागतात. ॲसेटाझोलामाइड नांवाचें औषध मूत्रपिंडांचें काम थोडें लवकर करवितें. परंतु तें सर्वांनाच मानवतें असें नाहीं, म्हणून निघण्यापूर्वींच डॉक्टरांस विचारावें.

तारुण्य व तालीम यांचा मात्र येथें फारसा उपयोग होत नाहीं. १९६२ च्या चीनशीं झालेल्या युद्धाच्या वेळीं सपाटीवरील धट्टेकट्टे जवान एकाएकीं हिमालयाच्या उंचीवर न्यावे लागले, आणि त्यांतील अनेक आजारी पडले. डॉ. इंदर सिंग व त्यांचे सहकारी यांनीं अशा १,९२५ सैनिकांच्या दुखण्याचा अभ्यास १९६९ सालीं प्रसिद्ध केला. माणूस किती बळकट आहे यापेक्षां तो किती घाईनें वर चढला, हेंच अधिक महत्त्वाचें ठरतें.

दुखणें बहुधा पहिल्याच संध्याकाळीं किंवा रात्रीं डोकें वर काढतें. कपाळ ठणकतें, मळमळतें, जेवण नकोसें होतें, घेरी येते. एवढ्यावर असेल तर त्याच उंचीवर स्वस्थ पडून राहिल्यानें एक-दोन दिवसांत उतार पडतो. मद्य आणि झोंपेच्या गोळ्या वर्ज्य. परंतु बसल्या जागीं धाप लागूं लागली व खोकला सुटेना, तर फुप्फुसांत पाणी सांचूं लागलें असें समजावें; टाचेला पंजा लावून सरळ रेषेंत चालतां येईना किंवा बोलणें असंबद्ध होऊं लागलें, तर मेंदूला सूज आली असें समजावें. अशा वेळीं सकाळची वाट पाहूं नये. प्राणवायु देऊन रोग्यास ताबडतोब खालीं आणावें. लेहमध्येंच असल्यास सोनम नोरबू रुग्णालय गांठावें.

खरी अडचण वेगळीच असते. सहलीचे दिवस मोजके, गाडी ठरलेली, आणि आपल्यामुळें मंडळींचा खोळंबा नको म्हणून घरांतील वडील माणूस डोकेंदुखी गिळून टाकतें. दुसऱ्या दिवशीं सर्वजण ५,३०० मीटरांहून उंच अशा खार्दुंगला घाटावर, नाहीं तर मुक्कामाला ४,२०० मीटरांवरील पँगाँग सरोवराकडे निघतात. असे बेत आंखणाऱ्यांस काय म्हणावें! डोकें दुखत असतांना वर जाऊं नये, हा पहिला नियम. दुसरा असा, कीं ३,००० मीटरांनंतर झोंपण्याची जागा एका दिवसांत ५०० मीटरांपेक्षां अधिक चढवूं नये. नुब्रा खोऱ्यांतील डिस्किट लेहहून खालीं आहे, पण वाट खार्दुंगलावरून जाते. म्हणून तेथेंही पहिले दोन दिवस लेहला काढूनच जावें. सवड असल्यास श्रीनगरहून कारगिलला मुक्काम करीत मोटारीनें येणें विमानापेक्षां केव्हांही बरें.

गळ्यांत कापराची पुरचुंडी बांधून जाण्याची चाल आपल्याकडे पडली आहे. कापरानें नाक मोकळें झाल्यासारखें वाटतें. रक्तांत प्राणवायूचा एक कणही वाढत नाहीं. कोरोनाच्या काळांत घरोघर आलेलें बोटाला लावण्याचें यंत्र बरोबर नेणारेही पुष्कळ. तेथें त्यावर नव्वदच्या खालचा आंकडा धडधाकट माणसासही दिसतो; त्यानें घाबरूं नये, आणि आंकडा चांगला आहे म्हणून ठणकणाऱ्या डोक्याकडे दुर्लक्षही करूं नये. लहान मुलाला डोकें दुखतें हें सांगतां येत नाहीं. तें उगाच किरकिरूं लागलें, खेळेना, दूध घेईना, तर प्रवासाचा शीण म्हणून सोडून न देतां, तें उंचीचेंच दुखणें धरून चालावें व त्या दिवशींचा पुढचा प्रवास रद्द करावा.