पाण्याखालील स्कूटर : निवड कशी करावी आणि कोठे करू नये

निफाड तालुक्यातील सायखेडा व चांदोरी ही गोदावरीच्या तीरावरील गावे पुराला नवखी नाहीत. गंगापूर व दारणा या धरणांतून सोडलेले पाणी एकत्र येऊन या परिसरातून पुढे जाते आणि नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापाशी अडते. ऑगस्ट २०१६ व ऑगस्ट २०१९ मध्ये नदीचे पाणी थेट वस्तीत व बाजारपेठेत शिरले होते. अशा प्रत्येक पुरानंतर गावाजवळ बचावाची कोणती साधने असावीत, हा प्रश्न नव्याने उभा राहतो.

अलीकडे या साधनांमध्ये एका नव्या यंत्राची भर पडली आहे. ते म्हणजे पाण्याखालील स्कूटर. पाणबुड्याला हाताशी धरून पुढे ओढून नेणारे हे विजेवरचे यंत्र आता हौशी पर्यटकांनाही परवडेल अशा आकारात मिळू लागले आहे. साहजिकच, ‘आपल्या नदीकाठच्या पोहणाऱ्यांना असे एखादे यंत्र का घेऊन देऊ नये?’ अशी सूचना एखाद्या ग्रामसभेत पुढे येऊ शकते. सूचनेमागील तळमळ खरी असते. तथापि सार्वजनिक पैसा आणि माणसाचे प्राण या दोहोंचा येथे संबंध असल्यामुळे, हे यंत्र काय करू शकते आणि काय करू शकत नाही, याची नीट माहिती असणे अगत्याचे आहे.

यंत्राची ओळख

या यंत्राची रचना मुळात साधी आहे. एका जलाभेद्य नळकांड्यात बॅटरी व विजेची मोटर असते. मोटरला पंखा जोडलेला असतो आणि पंख्याभोवती संरक्षक कडे असते. हाताजवळचा खटका दाबला की पंखा फिरतो. खटका सोडला की थांबतो.

या साधनाचा जन्म युद्धातून झाला. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या नौदलाने दोन पाणबुडे स्वार होऊन जातील असे मंदगती वाहन तयार केले होते. १९ डिसेंबर १९४१ रोजी अशा तीन वाहनांवरून अलेक्झांड्रिया बंदरात शिरलेल्या सहा सैनिकांनी ‘क्वीन एलिझाबेथ’ व ‘व्हॅलियंट’ या दोन ब्रिटिश युद्धनौकांना जबर हानी पोहोचविली. पुढे १९४३ मध्ये फ्रान्समध्ये कुस्तो व गान्यां यांनी पाठीवरील टाकीतून श्वास घेण्याचे सुटसुटीत उपकरण सिद्ध केले. स्कूबा डायव्हिंगचा प्रसार त्यानंतर झाला आणि युद्धातील हे वाहन हळूहळू संशोधकांच्या व हौशी पाणबुड्यांच्या हाती आले.

पहिला निकष : पाणी कोणते?

पंप घेताना शेतकरी आधी विहिरीची खोली व पाण्याचा उपसा पाहतो, मग अश्वशक्ती ठरवितो. स्कूटरच्या बाबतीतही आधी पाणी पाहावे, मग यंत्र.

महाराष्ट्रात या यंत्राला अनुकूल असे पाणी शोधावयाचे तर मालवणकडे पाहावे लागेल. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पावसाळा सरल्यावर समुद्र निवळतो आणि प्रवाळ व मासे डोळ्यांना दिसू लागतात. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंगचे शिक्षण देणारी संस्थाही आहे. पाणी स्वच्छ, प्रवाह सौम्य आणि पाणबुडा प्रशिक्षित असेल तर स्कूटरचा उपयोग निश्चित होतो. श्रम कमी झाल्याने टाकीतील हवा अधिक काळ पुरते आणि कमी वेळात अधिक क्षेत्र पाहून होते. मात्र तेथेही एक मर्यादा पाळावी लागते. मालवणचा सागरी परिसर १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेला आहे आणि दगडी प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. पंख्याने उडविलेली वाळू प्रवाळावर बसणार नाही इतके अंतर राखूनच यंत्र चालविले पाहिजे.

याउलट पुरातील गोदावरी. पाणी इतके गढूळ की पाणबुड्याला स्वतःचा हात दिसत नाही. पाणवेलींचे ताफे, झाडांच्या फांद्या, तारा, जाळी आणि कपडे प्रवाहाबरोबर वाहत असतात. फिरत्या पंख्याला यातील कोणतीही वस्तू अडकू शकते. अशा पाण्यात प्रशिक्षित पाणबुडा शोध घेतो तो डोळ्यांनी नव्हे, हातांनी; आणि त्याच्या अंगाला बांधलेली दोरी काठावरील सहकाऱ्याच्या हाती असते. काहीच दिसत नसताना वेगाने पुढे नेणारे यंत्र त्याच्या कामाला मदत करीत नाही, उलट ही दोरी गुंतविण्याचा धोका मात्र वाढविते.

वेगाचे गणित

जाहिरातीत स्कूटरचा वेग ठळकपणे दिलेला असतो. पोहणारा पाणबुडा पायातील पंखांच्या साह्याने ताशी दीड ते दोन किलोमीटर वेगाने जाऊ शकतो. लहान व मध्यम स्कूटरचा वेग साधारणपणे ताशी तीन ते पाच किलोमीटर असतो. पुराचा प्रवाह सेकंदाला तीन मीटर असेल, तर तो ताशी जवळजवळ अकरा किलोमीटर होतो. म्हणजे यंत्र पूर्ण वेगाने प्रवाहाविरुद्ध चालविले तरी पाणबुडा ताशी सहा किलोमीटर वेगाने मागेच वाहत जाईल. या एका वजाबाकीने पुष्कळशा प्रश्नांचे उत्तर मिळते.

अधिक शक्तीचे यंत्र घ्यावे, असे यावर कोणी म्हणेल. परंतु पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती आठपट लागते. त्याच बॅटरीवर यंत्र एक अष्टमांश वेळच चालते आणि एक चतुर्थांश अंतरच जाते. म्हणूनच जाणकार पाणबुडे सर्वाधिक वेग विचारीत नाहीत. मध्यम वेगाने यंत्र किती मिनिटे चालते, हे विचारतात. खरेदीदारानेही तेच विचारावे.

परतीचा हिशेबही निघतानाच करावा लागतो. बॅटरीचा एक तृतीयांश भाग जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि उरलेला अडीअडचणीसाठी राखून ठेवावा, ही रूढ पद्धत आहे. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, यंत्र बंद पडले तर पोहून परतता येईल, त्यापलीकडे जाऊच नये.

तरंगण्याचा तोल

चांगली स्कूटर पाण्यात सोडली असता बुडूही नये आणि वेगाने वरही येऊ नये. येथे आर्किमिडीजचा नियम लागू पडतो आणि शिक्षकांना वर्गात सांगण्यासारखे एक उदाहरणही सापडते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. वीस लिटर आकारमानाचे यंत्र समुद्रात साडेवीस किलोग्रॅम पाणी बाजूला सारते, नदीत मात्र वीसच किलोग्रॅम. म्हणजे समुद्रात अचूक तोललेले यंत्र नदीत अर्धा किलोग्रॅम जड होते आणि हातून सुटल्यास तळाशी जाते. यास्तव यंत्र कोणत्या पाण्यासाठी तोललेले आहे आणि वजने कमीअधिक करण्याची सोय आहे किंवा नाही, हे आधी पाहावे.

वर येण्याची घाई

या यंत्राचा सर्वांत मोठा धोका यंत्रात नाही, माणसाच्या छातीत आहे. पाण्याखाली दर दहा मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. दहा मीटर खोलीवर फुप्फुसांत भरलेली हवा पृष्ठभागावर येताना दुप्पट जागा व्यापू पाहते. श्वास रोखून वर येणाऱ्याची फुप्फुसे त्यामुळे फाटू शकतात. खोलवर राहिलेल्या पाणबुड्याच्या रक्तात विरघळलेला नायट्रोजनही सावकाश बाहेर पडावा लागतो. म्हणून मिनिटाला सुमारे नऊ मीटर याहून अधिक वेगाने वर येऊ नये, असे आता शिकविले जाते. सेकंदाला एक मीटर जाणारी स्कूटर सरळ वरच्या दिशेने धरली, तर ती मिनिटाला साठ मीटर वेगाने माणसाला वर खेचील. सुरक्षित मर्यादेच्या हा वेग सहापटींहून अधिक आहे.

तात्पर्य, ज्याला स्कूबा डायव्हिंगचे प्रमाणित शिक्षण मिळालेले नाही, त्याच्या हाती हे यंत्र देऊ नये. पट्टीचा पोहणारा आणि प्रशिक्षित पाणबुडा या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. गोदावरीच्या डोहात बालपण घालविलेल्या तरुणाचे धाडस कितीही मोठे असले, तरी दाबाचे हे नियम त्याला शिकूनच घ्यावे लागतात.

मागणीपत्रात काय असावे

एखाद्या शासकीय संस्थेने, प्रशिक्षण केंद्राने किंवा पर्यटन व्यावसायिकाने स्वच्छ पाण्यातील कामासाठी हे यंत्र घ्यावयाचे ठरविल्यास पुढील बाबी मागणीपत्रात स्पष्टपणे नोंदविणे इष्ट ठरेल :

१. यंत्र किती मीटर खोलीपर्यंत चालते. लहान यंत्रे बहुधा तीस ते चाळीस मीटरपर्यंतची असतात.

२. स्थिर अवस्थेतील रेटा, आणि मध्यम वेगाने चालण्याचा कालावधी.

३. खटका सोडताच पंखा थांबण्याची व्यवस्था, आणि खटका अडकल्यास यंत्र बंद करण्याचा दुसरा मार्ग.

४. पंख्याभोवतीचे कडे व जाळी. मोकळे केस, पट्टे आणि दोर आत ओढले जाणार नाहीत अशी तिची रचना असावी.

५. बॅटरीचा प्रकार व क्षमता. लिथियम बॅटरी हलकी असली तरी तिला इजा झाल्यास आग लागू शकते. १६० वॅट-तासांपेक्षा अधिक क्षमतेची बॅटरी प्रवासी विमानातून सामानाबरोबर नेता येत नाही.

६. जोडावरील रबरी कड्या, सुटे भाग आणि दुरुस्तीची सोय. एका केसाने किंवा वाळूच्या कणानेही रबरी कडीतून पाणी आत शिरते. प्रत्येक वापरानंतर यंत्र गोड्या पाण्याने धुणे आवश्यक असते.

७. किमतीत प्रशिक्षणाचा खर्च धरला आहे किंवा कसे. शिक्षणाविना आलेले यंत्र कपाटात पडून राहते, अथवा अपघात घडविते.

नदीकाठच्या गावाला काय हवे?

बुडणाऱ्या माणसाचा श्वास थांबल्यानंतर साधारणपणे चार ते सहा मिनिटांत प्राणवायूअभावी मेंदूला इजा होऊ लागते. धुळे येथील राज्य आपत्ती प्रतिसाद दल किंवा पुण्याजवळील राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन कितीही तत्पर असली, तरी या मिनिटांत सायखेड्याच्या घाटावर पोहोचू शकत नाही. तालुक्याच्या भांडारात कुलूपबंद असलेली महागडी स्कूटरही पोहोचू शकत नाही. त्या क्षणी काठावर जो माणूस उभा असेल, तोच बचाव पथक असतो. त्याच्या हाताशी काय आहे, यावर जीव अवलंबून असतो.

म्हणून बचावाचा क्रम सर्वत्र एकच शिकविला जातो : आधी हाक, मग काठी किंवा दोर, मग नाव, आणि सर्वांत शेवटी स्वतः पाण्यात उडी. या क्रमाला धरूनच साधने घ्यावीत. घाटावर व पुलाजवळ दिसेल अशा जागी बोये आणि तरंगणारे दोर असावेत. बचाव करणाऱ्या प्रत्येकासाठी योग्य मापाचे लाइफ जॅकेट असावे. रबरी नाव असल्यास तिचे इंजिन पावसाळ्यापूर्वी चालवून पाहावे आणि ती चालविणारे किमान दोन जण गावात असावेत. बंधाऱ्याखाली पाणी उलटे फिरून माणसाला पुन्हा पुन्हा आत खेचते. अशा जागी नाव नेऊ नये आणि कोणी उतरू नये, असे फलक लावावेत.

विजेच्या मोटरचाच उपयोग करावयाचा असेल, तर काठावरून दूरनियंत्रणाने चालणारा बोया हे स्कूटरचे भावंड अधिक विचारात घेण्यासारखे आहे. तो पाण्यावरून जातो आणि त्यासाठी दुसऱ्या कोणाला पाण्यात उतरावे लागत नाही. अर्थात, वेगवान प्रवाहाची वजाबाकी त्यालाही लागू आहे. त्यामुळे शांत तलावात त्याचा जितका उपयोग होतो, तितका पुराच्या मुख्य धारेत होईल असे समजू नये.

साधनांइतकेच महत्त्व शिक्षणाला आहे. दोर कसा फेकावा, पाण्यातून काढलेल्या माणसाला तोंडाने श्वास कसा द्यावा आणि छातीवर दाब कसा द्यावा, हे माध्यमिक शाळेतील विद्यार्थीही शिकू शकतात. वर्षातून एकदा, धरणातून पाणी सुटण्याचे दिवस येण्यापूर्वी, ग्रामपंचायत, शाळा आणि गावातील पोहणारे यांनी मिळून घाटावर असा सराव करावा. संकटकाळी ११२ व जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक प्रत्येक घरात ठाऊक असावेत.

पाण्याखालील स्कूटर हे उत्तम यंत्र आहे. ते निवळ पाण्याचे आणि शिकलेल्या हाताचे यंत्र आहे. ते मालवणच्या समुद्रात शोभेल. सायखेड्याच्या पुरात मात्र वीस मीटरचा मजबूत दोर, तो नेमका फेकणारा हात आणि उडी मारण्याचा मोह आवरणारे मन यांची अधिक गरज आहे. ग्रामपंचायतीच्या पुढील अंदाजपत्रकात बचाव साधनांसाठी तरतूद करताना सदस्यांनी आधी नदीकाठी जाऊन पाणी पाहावे आणि मगच साधनांची यादी करावी.