बोटाच्या जागी तार

१९७६च्या ऑगस्टमध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकात जोसेफ वाइसबेकर यांनी ‘कॉस्मॅक एल्फ’ हा संगणक घरी कसा जोडायचा ते सांगितलं. मेमरी २५६ बाइट, कीबोर्ड नाही. आठ खटके वर-खाली करायचे, बटण दाबायचं, की एक बाइट आत. मेमरी पूर्ण भरायची तर खटक्यांच्या २०४८ स्थिती बरोबर हव्यात! वीज गेली की पुन्हा श्रीगणेशा.

आज त्याला लॅपटॉप जोडायचा तर कसा? मेमरी काढून नवी चिप बसवता येईल. पण मग आपण बोलतोय कुणाशी, हा प्रश्न उरतोच ना? मला दुसरा मार्ग पटतो. एल्फच्या १८०२ प्रोसेसरमध्ये ‘लोड’ अवस्था मुळातच आहे. तीत प्रोसेसर स्वस्थ बसतो. बटण दाबलं की बाइट थेट मेमरीत जातो आणि पत्ता एकाने पुढे सरकतो. तेव्हा एक मायक्रोकंट्रोलर घ्यावा. लॅपटॉपकडून आलेला बाइट त्याने आठ तारांवर मांडायचा, नवव्या तारेने बटण ‘दाबायचं’. एल्फला वाटतं, बोटच आहे. बोर्ड ३.३ व्होल्टचा असेल, तर मध्ये व्होल्टेज जुळवणारं सर्किट हवं. एल्फ ५ व्होल्टवर चालतो.

पण पोहोचलं ते बरोबरच, हे कशावरून? रीसेट करून मेमरी-संरक्षणाचा खटका लावा, पुन्हा लोडमध्ये या. आता तेच बटण दाबत गेलं, की साठवलेला एकेक बाइट नुसता दिसतो, बदलत नाही. चूक सापडली तर तिच्या आधीच्या बाइटवर थांबायचं, संरक्षण काढायचं आणि तेवढा एकच नव्याने घालायचा.